दोन गुंठ्यांत कबड्डीचं मैदान: किती पैसे लागतील?

आमच्या लहानपणी कुपवाडात मैदानाला खर्च शून्य यायचा. एमआयडीसीच्या अलीकडे रिकामे प्लॉट पडलेले असायचे. दसरा झाला की त्यातला एक निवडायचा, काटे-खडे वेचायचे, चुलीतली राख मुठीनं सोडत रेषा ओढायच्या आणि दिवेलागणीपर्यंत हुतूतू. आता पोरांसाठी असंच मैदान करायचं मनात असेल, तर हिशेब आधी करा.

पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, महिलांचं 12 बाय 8. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, साधारण 101 चौरस मीटर. म्हणजे महिलांचं मैदान कागदावर गुंठ्यात बसतं, प्रत्यक्षात नाही. पकडीत गडी कुंपणावर आदळू नये म्हणून चारही बाजूंनी जागा सोडावीच लागते. दोन गुंठे धरा, तेही लांबट आकाराचे.

मोठा खर्च मुरमाचा. दोन गुंठ्यांवर चार इंच थर म्हणजे सव्वासात ब्रास. दबल्यावर बसतो, म्हणून नऊ मागवा. ब्रासला पोच दोन हजार धरले तर 18,000. जेसीबी दोन तास, दोन मजूर दोन दिवस आणि रोलर मिळून सात-आठ हजार. एकूण 25 ते 26 हजार. हे आकडे मी हिशेबापुरते धरलेत, तुमच्याकडचा भाव त्यात घाला. मुरूम गौण खनिजात मोडतो, तेव्हा ट्रॉलीवाल्याकडे वाहतुकीचा पास मागा. वरचे दोन इंच मात्र चाळलेल्या मातीचेच हवेत. तिथं हात आखडला की पोरांची कोपरं सोलवटतात. माझ्या डाव्या कोपरावर पुरावा आहे.

आखणीत सगळ्या रेषा मिळून सुमारे 115 मीटर भरतात. चुन्याची फक्की स्वस्त पडते, पण घामेजल्या गुडघ्याला चुना चावतो. आम्ही एकदा भट्टीचा चुना आणला आणि आठवडाभर लंगडत शाळेत गेलो. रांगोळीची पांढरी पूड घ्या.

मॅटचा मोह होईल. एक मीटर चौकोनाचा भाव विचारून 130 नं गुणा आणि बाजूची जागा वेगळी मोजा. मोह तिथंच उतरतो. घरच्या खेळाला संध्याकाळी पाणी मारलेली माती पुरते. 100 वॅटचे चार दिवे दोन तास लावले तर एक युनिटही जळत नाही.

जागा दुसऱ्याची असेल तर किती वर्षं वापरायची ते मालकाकडून कागदावर घ्या. आमचं तोंडी होतं. 1998 साली महापालिका झाली, वस्ती वाढत गेली, आणि एका मे महिन्यात आम्ही गेलो तर मैदानावर दुसऱ्याच कुणीतरी फक्की मारलेली. नीट पाहिलं, तर मध्यरेषेवर कुणाचंतरी स्वयंपाकघर येणार होतं.