नवोदित ग्रंथपाल आणि आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संपर्क

परदेशी ग्रंथपालांशी संपर्क हा केवळ मोठ्या ग्रंथालयांचा विषय आहे, असे तुम्हांला वाटण्याचा संभव आहे. या संदर्भात डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे उदाहरण पाहा. गणिताचे हे अध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा या कामाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्याच वर्षी ते लंडनला गेले. तेथे बर्विक सेयर्स या जाणत्या ग्रंथपालाचे मार्गदर्शन त्यांना लाभले. शिवाय वर्गाबाहेर पडून त्यांनी अनेक ग्रंथालयांचे कामकाज प्रत्यक्ष पाहिले. प्रचलित वर्गीकरणपद्धतींतील उणिवा त्यांना खुपू लागल्या होत्या. अशातच एका दुकानात मेकॅनो हे सुट्या भागांच्या जोडणीचे खेळणे पाहून द्विबिंदू वर्गीकरणाची कल्पना त्यांना सुचली.

आज यासाठी बोटीचा प्रवास करावा लागत नाही. १९२७ मध्ये एडिंबरो येथे स्थापन झालेल्या ‘इफ्ला’ या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघात नवोदितांसाठी स्वतंत्र गट आहे. मात्र प्रमाणपत्रापुरती व्याख्याने ऐकण्याला संपर्क म्हणता येणार नाही (हा प्रकार अलीकडे फार वाढला आहे). तुमच्या ग्रंथालयातील एक खरी अडचण नेमक्या शब्दांत मांडा आणि तिच्याविषयी विचारा. जुन्या मोडी कागदांचे तालिकीकरण करताना तुम्ही जेथे अडता, तेथेच अरबी हस्तलिखिते सांभाळणारा एखादा ग्रंथपालही अडलेला असू शकतो.