कोल्हापुरी साज : मंगलचिन्हे आणि सौभाग्याचा अर्थ

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस कोल्हापुरी साजाचे स्वरूप सांगता येईल, शुभचिन्ह व रक्षाचिन्ह यांतील फरक उदाहरणांनी स्पष्ट करता येईल, तसेच ‘सौभाग्य’ या शब्दाचा अर्थसंकोच आणि अलंकार वापरण्याची रूढी यांचा परस्परसंबंध तपासता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, लोकसंस्कृतीचा अभ्यास करताना आपण ओव्या, कहाण्या, उखाणे यांना ‘संहिता’ मानतो. अंगावरचा दागिना हीही वाचता येण्याजोगी संहिता आहे, हे मात्र सहसा आपल्या लक्षात येत नाही. पन्हाळ्यावरील एका संपर्क सत्रात याच विषयावर चर्चा चालू असताना एका विद्यार्थिनीने पिशवीतून मऊ फडक्यात बांधलेला साज काढून टेबलावर ठेवला. तो तिच्या सासूबाईंचा होता. आम्ही पाने मोजली. ती १२ भरली. नुकतेच मी फळ्यावर २१ असा आकडा लिहिला होता. “मग आमचा साज अपुरा म्हणायचा का?” असे तिने विचारले. त्यानंतर तिने आणखी एक प्रश्न विचारला, तो पुढे येईलच. प्रस्तुत घटकाची मांडणी त्या दोन प्रश्नांभोवती केली आहे.

साजाची घडण

साज हा जावमणी आणि पाने यांच्या गुंफणीतून सिद्ध होणारा गळ्यातील अलंकार आहे. येथे ‘पान’ म्हणजे झाडाचे पान नव्हे, तर विशिष्ट आकृती असलेले छोटे पदक. सोन्याच्या पातळ पत्र्यावर ठशाने आकृती उठवतात, आतील पोकळीत लाख भरतात आणि दोन पानांच्या मध्ये मणी येतील अशा रीतीने ती ओवतात. लाखेमुळे दागिना भरीव दिसतो, पण वजनाला हलका राहतो. थोडक्या सोन्यात गळाभर दागिना व्हावा, ही शेतकरी कुटुंबाची गरज या घडणीतून भागली. पन्हाळ्याहून सुमारे २० किलोमीटरवरील कोल्हापूर शहरातील गुजरी ही सराफी पेठ या दागिन्यासाठी प्रसिद्ध आहे. सोनाराइतकेच महत्त्व दागिना ओवणाऱ्या पटवेकऱ्याला असते. दोरा कुजला तर पाने विखुरतात आणि विखुरलेल्या पानांचा क्रम घरात कुणालाच आठवत नाही.

रूढ मांडणीनुसार पूर्ण साजात २१ पाने असतात. त्यांपैकी १० विष्णूच्या दशावतारांची, ८ अष्टमंगलांची, २ माणिक व पाचू यांची आणि शेवटचे डोरल्याचे. ही गणना सुबक आहे, पाठ करण्यास सोपी आहे आणि परीक्षेत लिहिण्यासही हरकत नाही. मात्र प्रत्यक्ष साज हाती घेतल्यास त्यात चंद्र, कमळ, शंख, मासा, कासव, नाग, भुंगा, बेलपान, वाघनख, कारले, गंडभेरुंड, ताईत अशी पाने दिसतात. कारले कोणत्या अवताराचे? भुंगा कोणत्या मंगलाचा? या प्रश्नांना वरील गणनेत उत्तर नाही. याचा अर्थ साज अपुरा आहे असा नसून, गणना हे साजाचे एक भाष्य आहे असा आहे. भाष्य आणि मूळ संहिता यांत अंतर असणे साहित्याच्या विद्यार्थ्याला नवे नाही.

चिन्हांच्या संख्येतील हा सैलपणा फार जुना आहे. सांचीच्या महास्तूपाच्या तोरणस्तंभावर मंगलचिन्हांच्या दोन माळा कोरलेल्या आहेत. एकीत ११ चिन्हे आहेत, दुसरीत १३. म्हणजे शुभचिन्हे ओवून माळ करण्याची कल्पना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही परिचित होती, पण आकडा ठरलेला नव्हता. अष्टमंगलांच्या याद्याही संप्रदायानुसार बदलतात. श्वेतांबर जैनांच्या यादीत स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त, दर्पण इत्यादी चिन्हे येतात. तिबेटी बौद्धांच्या यादीत छत्र, शंख, चक्र, ध्वज इत्यादी. कलश आणि माशांची जोडी मात्र दोन्हींत आढळते. तेव्हा साजातील मासा हा मत्स्यावतार की मंगलचिन्ह, असा वाद घालण्यात अर्थ नाही. तो दोन्ही आहे. मासा पापणी मिटत नाही म्हणून तो राखण करतो, असा तिसरा अर्थही त्याला लावता येतो.

शुभ आणि रक्षा

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. काही चिन्हे चांगले घडावे म्हणून धारण केली जातात, तर काही वाईट टळावे म्हणून. कमळ, शंख, चंद्र ही पहिल्या प्रकारची. नाग, वाघनख, ताईत ही दुसऱ्या प्रकारची. लहान मुलांच्या गळ्यात वाघनख बांधण्याची चाल आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. कारल्याकडे पाहिले, तर त्याचा कडवटपणाच दृष्ट परतवण्यास उपयोगी पडत असावा असे मला वाटते. हे माझे अनुमान आहे, ते तसेच समजावे.

भाषेतही या रक्षाकल्पनेच्या खुणा आहेत. ‘ताईत’ हा शब्द अरबी ‘तावीज’शी नाते सांगतो आणि ‘गळ्यातील ताईत’ हा वाक्प्रचार अतिशय प्रिय व्यक्तीसाठी वापरला जातो. जपणारी वस्तू आणि जपावीशी वाटणारी व्यक्ती यांची येथे अदलाबदल झाली आहे. ‘अलंकार’ हा शब्दही तपासून पाहावा. काव्यशास्त्रात त्याचा अर्थ आपण शोभा वाढवणारा घटक असा शिकलो. परंतु ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, समर्थ. त्यामुळे अलंकार म्हणजे समर्थ करणारे, असाही अर्थ निघतो. साजातील पाने शोभेपुरती नाहीत, हे या व्युत्पत्तीवरून अधिक स्पष्ट होते. पन्हाळ्याच्या तीन दरवाजाच्या ललाटपट्टीवर मराठ्यांच्या काळात छोटा गणेश बसवला गेला. दाराला गणेश आणि गळ्याला ताईत, या दोन्ही कृतींमागील विचार एकच आहे. जेथून संकट आत येऊ शकते, ती जागा चिन्हाने बांधून घ्यायची.

एक दूरचे उदाहरण

तुलनेसाठी प्रशांत महासागरातील पॉलिनेशियाकडे वळू. न्यूझीलंडमधील माओरी लोक ‘पौनामू’ नावाच्या हिरव्या कठीण दगडाची पदके गळ्यात घालतात. ‘हेई’ म्हणजे गळ्यात धारण करण्याची वस्तू. ‘हेई मताऊ’ हे माशाच्या गळाच्या आकाराचे पदक समृद्धीचे आणि समुद्रावरील सुखरूप प्रवासाचे चिन्ह मानतात. माउई या वीराने गळ टाकून समुद्रातून न्यूझीलंडचे उत्तर बेटच वर ओढून काढले, अशी त्यांची कथा आहे. ‘हेई टिकी’ हे मान कलती असलेल्या मानवाकृतीचे पदक आहे. हवाईत केसांच्या वेण्यांच्या जुडग्यात ओवलेले, देवमाशाच्या दातापासून घडवलेले पदक उच्चकुलीन सरदारवर्ग वापरत असे.

आपल्याकडे मासा शुभ, तिकडे मासा पकडणारा गळ शुभ! पण आपल्या विषयाला अधिक उपयोगी पडणारी गोष्ट वेगळी आहे. हेई टिकी स्त्रिया घालत आणि पुरुषही. ती पिढ्यान्‌पिढ्या वारशाने जाते आणि ज्यांनी ती धारण केली त्यांचे ‘माना’, म्हणजे तेज व प्रतिष्ठा, तिच्यात साठत जाते असे मानतात. मृत्यूमुळे पदक अशुभ होत नाही, उलट त्याचे मोल वाढते.

सौभाग्य : एक अर्थसंकोच

आता त्या विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न. तिचे सासरे वारल्यानंतर सासूबाईंनी साज उतरवला, तो पुन्हा घातला नाही. “सर, यातले नवऱ्याचे पान कोणते?” असे तिने विचारले. वर्ग शांत झाला.

साजाकडे पाहूनच उत्तर द्यायचे तर, रूढ गणनेतील डोरले हे विवाहित स्त्रीशी निगडित आहे. उरलेली २० पाने अवतारांची, मंगलांची, रत्नांची आहेत. त्यांचा पतीच्या आयुष्याशी संबंध नाही. तरीही कोल्हापूर परिसरात साजाला मंगळसूत्राइतके महत्त्व असल्याने रूढीने संपूर्ण साजच ‘सौभाग्यालंकार’ ठरवला, आणि एका पानाचा नियम सर्व पानांना लागू झाला.

शब्दाच्या बाबतीतही असेच घडले आहे. ‘सौभाग्य’ हा शब्द ‘सुभग’पासून बनला. ‘भग’ म्हणजे वाटा, ऐश्वर्य. वेदांतील प्रार्थनांत ‘सौभग’ हे कोणीही देवांकडे मागावे असे दान आहे. विवाहसूक्तातही तो शब्द येतो, पण तेवढ्यापुरताच तो मर्यादित नाही. मराठीत मात्र ‘सौभाग्यवती’, ‘सौभाग्यलेणे’ या शब्दांत त्याचा अर्थ ‘पती हयात असणे’ एवढाच उरला. शब्दाचा व्यापक अर्थ आक्रसून विशिष्ट होण्याच्या या क्रियेला अर्थसंकोच म्हणतात. पुस्तकांत अर्थसंकोचासाठी ‘मृग’ शब्दाचे उदाहरण देतात, कारण पूर्वी पशुमात्राला लागणारा तो शब्द पुढे हरणापुरता राहिला. ते उदाहरण निरुपद्रवी आहे. ‘सौभाग्य’ शब्दाच्या संकोचाने मात्र जिवंत माणसाच्या गळ्यातून शंख, कमळ आणि कासवही काढून घेतले.

याच जिल्ह्यात या अर्थाला प्रश्न विचारले गेले आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. दुःखामुळे एखाद्या स्त्रीने स्वेच्छेने दागिना बाजूला ठेवणे आणि इतरांनी तिला तो काढायला लावणे यांतील फरक अशा ठरावामुळे चर्चेत येतो. नुसता ठराव झाल्याने पेटीतला साज गळ्यात परत येतो असे नाही, हेही खरे.

पेटीतल्या साजाला आणखी एक वाट असते, ती म्हणजे मोड. मुलांची फी, विहिरीचे काम, दवाखाना अशा अडीनडीला लाख आणि दोरा वजा करून उरलेल्या सोन्याचे पैसे मिळतात. त्याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही. स्त्रीच्या अंगावरचे सोने हीच अनेक घरांची एकमेव शिल्लक असते. पण मुशीत पाने वितळली की त्यांची नावेही जातात. एक ग्रॅम सोन्याच्या मुलाम्याचे साज आज सर्वत्र मिळतात आणि त्यांतही मासा, चंद्र असतातच. विकणाऱ्याला नावे विचारली, तर तो सगळ्यांना ‘डिझाइन’ म्हणतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. साजातील पानांची रूढ गणना लिहा आणि प्रत्यक्ष साजाशी तिचा मेळ का बसत नाही ते सांगा.
२. ‘अलंकार’ शब्दाच्या व्युत्पत्तीच्या आधारे रक्षाचिन्हांचे विवेचन करा.
३. ‘सौभाग्य’ शब्दातील अर्थसंकोच स्पष्ट करून हेई टिकीविषयीच्या माओरी धारणेशी तुलना करा.

क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वयस्क स्त्रीचा साज, ठुशी, बोरमाळ वा पुतळ्यांची माळ तिच्या परवानगीने पाहा. साज असल्यास प्रत्येक पानाची आकृती वहीत काढा आणि त्याखाली तिने सांगितलेले नाव तिच्याच उच्चारात लिहा. पुस्तकातील नावाशी ते जुळत नसल्यास दुरुस्त करू नका. दागिना केव्हा केला, कोणाकडून मिळाला आणि तो घालणे थांबवले असल्यास का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तिला द्यायचे नसेल, तर ती जागा वहीत कोरी सोडा.