दूरस्थ पदवी आणि इंग्रजीचे अध्यापन

नोकरी सांभाळून इंग्रजीचा अध्यापक होऊ इच्छिणाऱ्या जबलपूरच्या पदवीधरास दूरस्थ शिक्षणाचा मार्ग मोकळा आहे. १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र याच शहरात आहे. या विद्यापीठाच्या इंग्रजी एम.ए.साठी कोणत्याही शाखेचा पदवीधर पात्र ठरतो. हा अभ्यासक्रम किमान दोन व कमाल चार वर्षांत पूर्ण करावयाचा असतो.

संस्था कोणतीही असो, शुल्काचा विचार शेवटी करावा. अभ्यासक्रमास विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे काय, हे प्रथम पाहावे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष होय, असे आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले. मान्यता नसेल, तर अल्प शुल्काची पदवीच सर्वांत महाग ठरते. कारण गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

त्यानंतर अध्यापन कोठे करावयाचे, हे निश्चित करावे. उच्च माध्यमिक शाळेसाठी एम.ए.सोबत बी.एड. लागते. महाविद्यालयाकडे नेणाऱ्या ‘नेट’ परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गातील उमेदवारास एम.ए.ला ५५ टक्के गुण आवश्यक असतात. तात्पर्य, केवळ उत्तीर्ण होणे पुरेसे नाही, आणि बी.एड.चा खर्चही आरंभीच हिशेबात धरला पाहिजे.