दोन कुटुंबं, दोन दिवस आणि मुरूडचा किनारा : सहल नियोजनाचा एक उपक्रम (इयत्ता सातवी)



गेल्या वर्षी आमच्या शाळेची एक मुक्कामी सहल गेली होती. बस, मुक्काम, प्रथमोपचार पेटी, पालकांची संमतीपत्रं, सगळं मी स्वतः दोनदा तपासलं होतं. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई भेटायला आली. तक्रार करायला नव्हे, पोरीचा राहिलेला टॉवेल न्यायला. बोलता बोलता कळलं, की पोरीने दोन दिवस भात, दही आणि केळी एवढंच खाल्लं. मांसाहार हलाल आहे की नाही हे माहीत नव्हतं, आणि भाजी त्याच मोठ्या पळीने वाढत होते. मी जेवताना तिला विचारलं होतं, "काय गं, खात का नाहीस?" ती म्हणाली होती, "बाई, भूक नाही." आणि मी पुढे गेले होते.

चूक माझी होती. संमतीपत्रात 'शाकाहारी / मांसाहारी' एवढे दोनच चौकोन मी छापले होते. तिने 'मांसाहारी'वर खूण केली, ती खरीच होती.

यंदा गणित, भूगोल आणि भाषा मिळून जो उपक्रम घेतला तो त्यातूनच निघाला. सहा तासिका लागल्या. कसा घेतला ते लिहिते.

फळ्यावर लिहिलेला प्रश्न

शेजारी राहणारी दोन कुटुंबं पनवेलहून शनिवार-रविवार समुद्रावर निघाली आहेत. दोघांकडे आई-बाबा, दोन मुलं आणि एक आजी. पहिलं कुटुंब मुस्लिम, मांस फक्त हलाल खातं. दुसरं मराठी हिंदू. मासे-कोंबडी खातं, पण शनिवारी नाही. आणि नेमकी त्या शनिवारी संकष्टी आहे. आजी तर कधीच मांसाहार करत नाहीत. सगळ्यांना आराम हवा आहे, धावपळ नको. बेत आखा.

ठिकाण म्हणून मी रायगड जिल्ह्यातलं मुरूड दिलं. तरी पहिल्याच तासाला एका गटाने लातूरचं मुरूड काढलं आणि "बाई, इथे समुद्रच नाही" म्हणून हसत बसला. दुसऱ्या गटाने दापोलीजवळचं मुरूड काढलं. तिथे समुद्र आहे, पण जंजिरा नाही. पत्ता लिहिताना तालुका-जिल्हा का लिहायचा हे समजावायला मला वेगळं काही करावंच लागलं नाही.

अंतर आणि आराम

पनवेल ते मुरूड पेण, वडखळ, अलिबाग, रेवदंडामार्गे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मुलांनी ताशी 60 किमी धरून दोन तास पाच मिनिटं काढली. उत्तर बरोबर. "पण वडखळला थांबावं लागणारच की," असं मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला. त्याचे वडील टेम्पो चालवतात. मग ताशी 35 ने पुन्हा मांडणी केली, साडेतीन तासांच्या वर गेलं. त्यात चहा आणि आजींसाठी एक थांबा. म्हणजे सकाळी सातला निघून साधारण साडेअकराला पोहोच.

इथे प्रत्येक गटाच्या यादीत नऊ-दहा ठिकाणं होती : अलिबाग, कोर्लई, काशीद, नांदगावचा गणपती, जंजिरा, खोकरीचे घुमट, फणसाड अभयारण्य आणि आणखी काय काय. मी एवढंच सांगितलं, की प्रत्येक ठिकाणापुढे किती वेळ लागेल ते लिहा आणि बेरीज करा. एका गटाची बेरीज 31 तास आली, झोप न धरता! मग स्वतःहूनच खोडाखोडी सुरू झाली. शेवटी उरलं काय, तर मुरूडचा किनारा आणि जंजिरा. कोर्लई गेलं याची मला जरा हळहळ वाटली. तिथल्या गावात आजही पोर्तुगीज मुळाची एक बोली बोलतात, भाषेच्या तासाला किती छान झालं असतं. पण आरामाची सहल म्हटल्यावर शिक्षकानेही एखादं ठिकाण सोडलं पाहिजे.

भरती-ओहोटी : पाऊणपटीचं गणित

किनाऱ्यावरच्या बेताचं वेळापत्रक घड्याळ ठरवत नाही, समुद्र ठरवतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. दोन्ही पक्षांत तिथी एकपासूनच मोजायची.

आमच्या शनिवारी कृष्ण चतुर्थी. चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणून सकाळी नऊ आणि रात्री नऊ. रविवारी पंचमी : पाचची पाऊणपट पावणेचार, तर सकाळची ओहोटी पावणेदहाच्या आसपास. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते हे पुस्तकात असतं. पाऊणपटीत ती 45 मिनिटं धरली जातात, म्हणून हा ठोकताळाच. प्रत्यक्ष जाताना भरतीचा छापील तक्ता आणि स्थानिक माणूस, दोघांना विचारायचं. गणितात 'पाऊणपट' कशाला शिकायची असं विचारणारी मुलं त्या दिवशी गप्प होती.

मग बेत आपोआप बसत गेला. रविवारी सकाळी ओहोटीला रुंद, ओली वाळू, म्हणून किल्ले, क्रिकेट, शंख-शिंपले तेव्हा. पाण्यात उतरायचं ते गुडघ्याच्या खाली, पाणी मागे ओढत असताना तर मुळीच पुढे जायचं नाही. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात, आणि समुद्र खवळला की जात नाहीत. पावसाळ्यात किल्ला बंदच असतो. म्हणून जंजिरा 'जमला तर' या रकान्यात टाकायचा. तोच एक कार्यक्रम धरून गेलं आणि होडी बंद असली, की सगळ्यांचा दिवस रुसव्यात जातो.

दिशांचा भाग असाच मिळाला. नमाज काब्याच्या दिशेने पढतात, आणि आपल्याकडून ती दिशा पश्चिम, किंचित उत्तरेकडे. कोकणात समुद्र पश्चिमेलाच. वर्गातला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे समुद्राकडे तोंड." सूर्यास्तानंतर लगेच मगरिबची नमाज असते. म्हणून संध्याकाळच्या खाण्यापिण्यात पंधरा-वीस मिनिटं आणि एक स्वच्छ कोपरा धरायचा. दुसऱ्या कुटुंबालाही सूर्यास्त बघायचाच असतो, त्यामुळे कुणाला ताटकळत बसावं लागत नाही.

जेवण : इथे दोन तासिका गेल्या

आधी वर्गाची समजूत तपासली. "हलाल म्हणजे काय?" यावर "मुसलमानांचं मटण" असं उत्तर आलं. हलाल म्हणजे धर्मात ज्याची परवानगी आहे ते. भात, डाळ, भाकरी, फळं ही सगळी हलालच. प्राणी-पक्षी मात्र अल्लाचं नाव घेऊन, धारदार सुरीने गळ्याशी कापून, रक्त वाहून जाऊ दिलेलं हवं. डुकराचं मांस, रक्त, मेलेलं जनावर आणि दारू चालत नाही. मासा कापण्याची अशी अट नाही, त्यामुळे समुद्रावर निम्मा प्रश्न सुटतो.

पण निम्माच. कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई पंथाचे. त्यांच्यात कोळंबी, शिंपल्या चालतात. हनफी पंथात खेकडा आणि शिंपल्या चालत नाहीत आणि कोळंबीबद्दल मतभेद आहेत. माझ्या वर्गात दोन्हीकडची मुलं आहेत. "आमच्यात चालतं," "आमच्यात नाही चालत," असं दोघं एकमेकांकडे बघत म्हणाली आणि दोघांनाही नवल वाटलं. 'त्यांच्यात काय चालतं' हे अंदाजाने ठरवू नये. त्या कुटुंबालाच विचारावं. कुणी फक्त मांस बघतं, कुणी जिथे दारू मिळते तिथे बसतच नाही.

पुढचा टप्पा नाट्यीकरणाचा. एक मुलगी खानावळवाली मावशी, दुसरा पाहुणा. त्याने विचारलं, "मावशी, हलाल आहे का?" मावशी म्हणाली, "हो हो, सगळं आहे!" वर्ग हसला. गेल्या वर्षी टॉवेल न्यायला आलेल्या त्याच आई त्या दिवशी मी बोलावल्यावरून वर्गात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "असं विचारलं की सगळे हो म्हणतात. कोंबडी कुठून आणता ते विचारा." मग मुलांनी प्रश्न नव्याने लिहिले. कोंबडी-मटण कोणाकडून आणता? डुकराचं मांस याच स्वयंपाकघरात शिजतं का? तळायचं तेल आणि तवा एकच का? जेवणाच्या जागी दारू देता का? शाकाहारी माणसासाठी पळी-भांडी वेगळी ठेवाल का?

शेवटचा प्रश्न आजींसाठी होता. पण लिहिता लिहिता एक मुलगी म्हणाली, "बाई, तेलाचा प्रश्न तर दोन्ही घरांचा सेमच आहे." गेल्या वर्षी त्या मोठ्या पळीने माझं लक्ष का वेधलं नाही, हे मला तेव्हा कळलं.

आम्ही स्पीकरवर खरोखर एका घरगुती खानावळीला फोन लावला. मुलांनीच विचारलं. पलीकडच्या काकू म्हणाल्या, "अरे बाळा, कोंबडी मोहल्ल्यातल्या चाचांकडूनच येते आमच्याकडे. पण सांगितलंस ते बरं केलंस, तवा वेगळा ठेवते. आणि किती माणसं ते आदल्या दिवशी कळवा, आयत्या वेळी मासे मिळत नाहीत." कुणाला राग आला नाही, कुणी अवघडलं नाही. जून-जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या माशांच्या भरवशावर राहू नका, हेही त्यांनीच सांगितलं.

वर्गाने ठरवलेला बेत असा : शनिवारी दुपारी आणि रात्री सगळ्यांना शाकाहारी. तांदळाची भाकरी, आमटी, भात, भाजी, सोलकढी. संकष्टीचा उपास करणाऱ्यांना चंद्र उगवेपर्यंत थांबावं लागतं, आणि तो रात्री नऊच्या आसपास. म्हणून लहान मुलांचं ताट साडेसातला, मोठ्यांचं नंतर. रविवारी दुपारी तळलेला मासा, माशाचं कालवण आणि चाचांकडची कोंबडी. आजींना वेगळ्या भांड्यात आमटी-भाजी. प्रवासात भूक लागली तर चणे, चिक्की, केळी. जेलीच्या गोळ्या यादीतून काढल्या, कारण त्यातलं जिलेटिन कशापासून बनलंय ते पाकिटावरून कळत नाही.

घेणाऱ्यांसाठी थोडं

रमजान कधी आहे ते बघूनच उपक्रमातली काल्पनिक तारीख ठरवा, तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. खर्चाची मांडणी मी मुद्दाम मुलांवर सोडली. फोनवर विचारलेला भाव घ्यायचा, मनाने घालायचा नाही. मुस्लिम मुलांना 'तुम्ही सांगा' म्हणून वर्गासमोर उभं करू नका. माझा आधी तो मोह झाला होता. पालकांना आमंत्रण द्या, ज्यांना यायचंय ते येतात.

आणि संमतीपत्र बदललं. आता चौकोन नाहीत. एक ओळ आहे : 'आपल्या पाल्याच्या जेवणाबद्दल आम्हाला काय माहीत असायला हवं?' खाली चार रिकाम्या ओळी. यंदा 42 पैकी 29 पालकांनी काही ना काही लिहिलं. एकाला शेंगदाणे चालत नाहीत, एकीला बसमध्ये दूध पिऊन उलटी होते, तिघांचा गुरुवार असतो. त्या मुलीच्या आईने लिहिलं होतं, "मासे आवडतात. काटे काढून द्यावे लागतील."