खारवट चिखलांत चालणाऱ्या ट्रॅक्टरची धुलाई व निगा

मुंबई उपनगरांतील कांजूरमार्गाच्या पूर्वेस, ठाण्याच्या खाडीकांठीं मिठागरें आहेत. अशा मातीचा लेप लोखंडास काय करितो, याचा विचार खाडीलगत खार जमिनी असणाऱ्या व भातासाठीं ट्रॅक्टरनें चिखलणी करणाऱ्या आमच्या वाचकांनीं अवश्य करावा. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. बांधास खांड पडून खारावलेल्या जमिनीची नोंद होई. त्याच पाण्यानें औजारांचें काय केलें, यास मात्र रकाना नसे.

समुद्राच्या १ लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. चिखल वाळला म्हणून ते जात नाहींत. हवेंतील आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली कीं मीठ स्वतः हवेंतून पाणी ओढूं लागतें, आणि कोंकणांतील पावसाळी हवा बहुधा याहून दमटच असते. म्हणजे वाळलेला लेप रात्रीं पुन्हां ओलावतो व लोखंड खात राहतो. सबब ज्या दिवशीं काम त्याच दिवशीं धुलाई, आणि तीहि विहिरीच्या गोड्या पाण्यानें. खाडीच्या पाण्यानें धुण्यापेक्षां न धुतलेलें बरें.

तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतूं नये. ओतीव लोखंडास तडा जाण्याचें भय असतें. इंजिन निवेपर्यंत चाकांचा चिखल भिजवून काथ्याच्या कुंच्यानें सोडवावा. आंसाभोंवतीं गुंडाळलेलें गवत व पेंढा हातानें काढावा, कारण तोच सील कापतो आणि मग आंत पाणी शिरतें. बॅटरी, डायनामो व हवा गाळणीचें तोंड यांवर झोत मारूं नये. रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांतील कचरा पंख्याच्या बाजूनें हलकें पाणी सोडून बाहेर काढावा.

आतां मुख्य गोष्ट. पुष्कळ ठिकाणीं सकाळीं ग्रीस भरतात व सायंकाळीं ट्रॅक्टर धुतात. पुढच्या आंसाच्या व सुकाणूच्या सांध्यांत धुतांना शिरलेलें पाणी मग रात्रभर तेथेंच राहतें. ग्रीस धुतल्यानंतर भरावें, आणि जुनें मळकट ग्रीस बाहेर पडून स्वच्छ दिसूं लागेपर्यंत भरावें. तें पाण्यास बाहेर ढकलतें. ग्रीसाचा हा खर्च लावणीच्या ऐन दिवसांत बेअरिंग धरून बसण्यापुढें कांहींच नव्हे. रोप २१ ते २५ दिवसांचें झालें कीं तें थांबत नाहीं, आणि भाड्याचा ट्रॅक्टर त्या आठवड्यांत कोणासच मिळत नाहीं.

धुतल्यावर ट्रॅक्टर थोडा चालवून ब्रेक दाबून पाहावे. ओले ब्रेक बांधावरून उतरतांना दगा देतात. गिअरच्या तेलाचा रंग आठवड्यांतून एकदां पाहावा. तें दुधाळ दिसल्यास पाणी शिरलें असें समजून काम थांबवावें, सील तपासून घ्यावें व तेल बदलावें. हंगाम संपल्यावर चिखलणीचीं लोखंडी जाळीचीं चाकें मातीवर न टाकतां, धुऊन, वाळवून व तेलाचा हात फिरवून छपरांत लांकडी ओंडक्यांवर ठेवावीं.