वाणिज्य पदवीनंतर सॉफ्टवेअर क्षेत्र : मानवी भांडवलाचा हिशेब

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. तेव्हापासून या शहरात शिक्षण म्हणजे अभियांत्रिकी, हे समीकरण रूढ झाले. २००५ मध्ये तंत्रशास्त्र विद्यापीठ व २०१६ मध्ये आयआयटी आल्याने ते अधिकच पक्के झाले. अशा शहरात बी.कॉम. होऊन एखाद्या व्यापारी पेढीत हिशेब सांभाळणाऱ्या तरुणाला आपली तीन वर्षे वाया गेली असे वाटू लागते आणि तो सॉफ्टवेअरकडे वळण्याचा विचार करतो. हा निर्णय अर्थशास्त्रीय कसोटीवर कसा तपासावा, हे येथे पाहू.

थिओडोर शुल्ट्झ व गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात मानवी भांडवलाची संकल्पना विकसित केली. तिच्यानुसार शिक्षणावरील खर्च ही गुंतवणूक होय. पदवीवर झालेला खर्च हा बुडीत खर्च असून पुढील निर्णयात तो मोजावयाचा नसतो. मोजावयाचा असतो तो संधी-खर्च. समजा, दरमहा १८,००० रुपयांची नोकरी सोडून एखाद्याने दोन वर्षांचा एमसीए अभ्यासक्रम निवडला आणि शुल्क २ लाख रुपये आहे. बुडालेले वेतन ४,३२,००० रुपये धरता एकूण खर्च ६,३२,००० रुपये होतो. पुढे ३०,००० रुपयांची नोकरी मिळाल्यास वार्षिक वाढीव उत्पन्न १,४४,००० रुपये, म्हणजे गुंतवणूक सुमारे ४ वर्षे ५ महिन्यांत वसूल होते. परंतु २२,००० रुपयेच मिळाले, तर त्यास १३ वर्षांहून अधिक काळ लागेल. (सुलभतेसाठी व्याज व वेतनवाढ येथे वगळली आहे.) शुल्कापेक्षा बुडालेले वेतनच मोठे आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. कुटुंबे नेमका हाच आकडा विसरतात.

म्हणूनच नोकरी सांभाळून शिकण्याच्या मार्गांचा आधी विचार व्हावा. ‘नाइलिट’चे ‘ओ’ व ‘ए’ स्तर, तसेच आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेला डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम हे असे मार्ग होत. नंतरच्या अभ्यासक्रमास जेईईची अट नाही. पात्रता परीक्षा मात्र द्यावी लागते. एमसीए २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाला आहे. त्यासाठी बारावीत किंवा पदवीस गणित असणे सामान्यतः आवश्यक असते. वाणिज्य शाखेत गणित सोडलेल्यांची अडचण होते ती येथेच.

मात्र वाणिज्याचे ज्ञान खरोखरच निरुपयोगी ठरते काय? या प्रश्नाचे उत्तर वस्तू व सेवा करात सापडते. १ जुलै २०१७ पासून हा कर लागू झाला आणि बहुतेक व्यापाऱ्यांचे बीजक संगणकावर आले. भिलाईच्या विक्रेत्याने १ लाख रुपयांचे पोलाद दुर्गमधील ग्राहकास विकले, तर ९ टक्के केंद्रीय व ९ टक्के राज्य कर लागतो. नागपूरच्या ग्राहकास पाठविले, तर १८ टक्के एकात्मिक कर. आता समजा, नागपूरच्या खरेदीदाराने माल थेट रायपूरमधील आपल्या ग्राहकाकडे उतरविण्यास सांगितले. मालाने छत्तीसगडची सीमा ओलांडलेली नाही. केवळ पत्ते पाहणारा प्रोग्रामर येथे राज्यांतर्गत कर लावील. कायद्यानुसार मात्र ज्याच्या सूचनेवरून माल दिला, त्याच्या व्यवसायाचे मुख्य ठिकाण हेच पुरवठ्याचे स्थान मानले जाते. म्हणजे नागपूर, आणि म्हणून एकात्मिक कर. दोन्ही वेळा रक्कम १८,००० रुपयेच येत असल्याने चूक बेरजेत दिसत नाही. ती उघडकीस आल्यावर योग्य शीर्षाखाली कर पुन्हा भरून आधीच्या रकमेचा परतावा मागावा लागतो.

अशी चूक हिशेबनीस पकडतो. १९८६ मध्ये बंगळूर येथे सुरू झालेल्या ‘टॅली’चा उगमही व्यापारातच आहे. श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या व्यवसायासाठी समाधानकारक हिशेबप्रणाली मिळेना, तेव्हा त्यांचे गणित पदवीधर पुत्र भरत गोयंका यांनी ती लिहिली. भरत गोयंका यांना २०२० मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. महाराष्ट्रातील उदाहरण द्यावयाचे तर कैलास काटकर यांचे देता येईल. पुण्यात गणकयंत्र दुरुस्तीचा व्यवसाय करताना त्यांना संगणक-विषाणूंचा प्रश्न दिसला. संगणकशास्त्र शिकलेले बंधू संजय यांनी त्यावर आज्ञावली लिहिली आणि ‘क्विक हील’ उभी राहिली. दोन्ही ठिकाणी गरज व्यापाऱ्याने ओळखली व आज्ञावली घरातील दुसऱ्याने लिहिली. वाणिज्य पदवीधर प्रोग्रामिंग शिकतो, तेव्हा ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीत येतात. त्याचे वेतन ठरते ते या जोडीवर.

प्रमाणपत्राबद्दलही थोडे सांगावयास हवे. मायकेल स्पेन्स यांच्या १९७३ मधील संकेत-सिद्धान्तानुसार पदवी ही नियोक्त्याला दिलेली खूण असते. जी खूण सर्वांना सहज मिळते, तिचे मूल्य उरत नाही. काही आठवड्यांत ‘सॉफ्टवेअर अभियंता’ बनविण्याची हमी देणाऱ्या वर्गांची प्रमाणपत्रे याच कारणाने कुचकामी ठरतात. त्यापेक्षा पेढीतील साठा-नोंदीसाठी स्वतः लिहिलेली, प्रत्यक्ष वापरातील छोटी प्रणाली अधिक बोलकी होय.

जोखीमही विचारात घ्यावी लागेल. टीसीएसची कर्मचारीसंख्या २०२३-२४ मध्ये १३ हजारांहून अधिक घटली. साधी आज्ञावली आता कृत्रिम बुद्धिमत्ताही लिहिते, त्यामुळे नवशिक्यांच्या जागांवर दबाव आहे. शिवाय बहुतांश नोकऱ्या पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे; भिलाईतील घर सोडून तेथे भाड्याने राहावयाचे, तर वरील उदाहरणातील १२,००० रुपयांच्या वाढीतून ते भाडे आधी वजा करावे आणि परतफेडीचा काळ पुन्हा काढून पाहावा.