वळण शिकवायचा धंदा: विद्यार्थ्याचे दहा रुपये कुठे खर्च होतात?

रायडर ट्रेनिंगच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "सर, मी दर रविवारी ताम्हिणी घाट मारतो. बाईकचा क्लास काढू का?" काढा की. पण आधी हे वाचा, कारण इथे शिकवण्यात चूक झाली तर गिऱ्हाईक पैसे परत मागायलाही येणार नाही, थेट दवाखान्यात जाईल.

कीथ कोड या अमेरिकन प्रशिक्षकाने १९८० मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूल सुरू केलं. पुढे त्यांचे वर्ग चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवरही झाले. कोड म्हणतो, रायडरकडे लक्ष असतं दहा डॉलरइतकंच. आपण दहा रुपये धरू. नवख्याचे सात रुपये "स्पीड जास्त झाला का?" यातच जातात. उरलेल्या तीन रुपयांत त्याने रस्ता, खडी, समोरची एसटी, सगळं बघायचं! भांडवल कमी आणि खर्च चुकीच्या जागी. दुकानदाराला हे वेगळं समजवावं लागत नाही.

म्हणून त्या शाळेत एका सेशनला एकच गोष्ट. पहिल्या लेव्हलची सुरुवात थ्रॉटल कंट्रोलने होते, मग वळायला सुरुवात कुठे करायची तो पॉइंट, असं पुढे. आपल्याकडचे हौशी गुरू पहिल्या तासातच गुडघा खाली घ्यायला सांगतात. फोटो छान येतो, बाकी काही येत नाही.

तुम्ही काय शिकवाल? माझ्या मते पहिला धडा वेगाचा. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किमीला बाईक साधारण २० अंश झुकते. ४० ला तीच ३२ अंशांच्या आसपास. फक्त दहाने वेग वाढला, पण टायरवरचा आडवा ताण पावणेदोन पटीहून जास्त झाला, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. हे आकडे फळ्यावर लिहा. "हळू चालव" या उपदेशापेक्षा ते जास्त काम करतात. म्हणजे वेग कमी करायचा तो बाईक सरळ असताना, वळणाच्या आधी.

दुसरा धडा हँडलचा. डावीकडे वळायचं तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची. याला काउंटरस्टिअरिंग म्हणतात. वर्षानुवर्षं बाईक चालवणारे हे नकळत करतात, पण विचारलं तर उलटंच सांगतात! मग घाबरल्या क्षणी नेमकी चुकीची मूठ दाबली जाते.

तिसरा नजरेचा. माणूस ज्याच्याकडे बघतो तिकडेच जातो. कठड्याकडे बघितलं की कठडाच. नजर वळण जिथे संपताना दिसतं तिथे हवी. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे डाव्या वळणात बाईक बाहेर गेली तर सरळ समोरच्या ट्रकपुढे. उजव्या वळणात उलटी गंमत: चाकं आपल्या लेनमध्ये, पण झुकल्यामुळे डोकं मधल्या पट्टीच्या पलीकडे. हा मुद्दा शिकवताना खडूने पट्टी आखून, बाईक हाताने झुकवून दाखवा. बघणाऱ्याचा चेहराच बदलतो.

आणि हो, घाटात शिकवू नका. बंद आवारातली डांबरी किंवा काँक्रीटची जागा घ्या, मालकाची लेखी परवानगी घ्या, शंकू लावा. फुल-फेस हेल्मेट, हातमोजे, बूट नसेल त्याला परत पाठवा, मित्र असला तरी.

आता हिशोब. समजा जागेचं भाडं ४,०००, मदतनीस १,५००, प्रथमोपचार आणि किरकोळ १,०००. खर्च ६,५००. सहा जणांकडून १,५०० घेतले तर ९,००० येतात, हातात २,५०० राहतात. बारा जण घेतले तर १८,००० दिसतात आणि तिथेच मोह होतो. पण तुमच्याकडेही लक्ष दहा रुपयांचंच आहे ना! बारा बाईक फिरत असताना कोणाचा हात ब्रेकवर गेला हे तुम्हाला दिसणार नाही. दुसरा प्रशिक्षक मिळेपर्यंत सहाच घ्या, हवं तर फी वाढवा.

प्रत्येक फेरीनंतर विद्यार्थ्याला आधी बोलू द्या. "कुठे बघत होतास?" एवढंच विचारा. तो अडखळला तर पुढचा धडा थांबवा आणि तीच फेरी पुन्हा, पाच किमीने कमी वेगात.